तेलाच्या दाबाचा धंदा



दिवाळी झाली की घाटाखाली कापसाच्या गाड्या वाहू लागतात. गाड्या म्हणजे आता बैलगाड्या नव्हेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि लहान टेम्पो. खामगाव, नांदुरा, मलकापूर, शेगाव, या दिवसांत कुठल्याही जिनात पाऊल टाका. फाटकाशी वजनकाटा, पुढे पांढरे ढीग, आणि एखाद्या ढिगाच्या कडेला जाड पत्र्याचा नळ तोंड वासून पडलेला. एक माणूस कापूस त्या तोंडाशी ढकलतो आणि कापूस दिसेनासा होतो. तो थेट आत जाऊन जिनांच्या डोक्यावर पडतो. पूर्वी हेच काम डोक्यावर टोपली घेऊन बाया करीत. आता कापूस वाऱ्याने जातो. आत सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. ती रुई शेवटी एका लोखंडी पेटीत पडते. मग एक चकचकीत, गुळगुळीत दांडा सावकाश सरकू लागतो, आणि खोलीभर पसरली असती एवढी रुई पाहता पाहता एका गाठीत बसते. गाठीचे वजन साधारण १७० किलो.

यातले पहिले काम वाऱ्याचे आणि दुसरे तेलाचे. वाऱ्याच्या दाबाने कामे करून घेण्याच्या विद्येला न्युमॅटिक्स म्हणतात, तेलाच्या किंवा पाण्याच्या दाबाने करून घेण्याच्या विद्येला हायड्रॉलिक्स. नावे इंग्रजी आणि उच्चारायला जरा अवघड. वस्तू मात्र आपल्या दारातल्या आहेत. एस.टी. थांबताना 'फुस्स' असा आवाज येतो ना, तो ब्रेकमधला वारा. ट्रॅक्टरवाला एक दांडी ओढतो आणि मागचा नांगर जमिनीतून वर येतो, ते तेल.

मी आर्ट्‌स कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. यंत्राच्या पोटातले मला जे काही कळते ते मिस्त्री लोकांना विचारून विचारून कळलेले आहे. पण या यंत्रांचा बाजार आपल्या जिल्ह्यात कसा वाढला, त्यातला पैसा कुठे जातो, आणि त्यातला थोडा तरी इथे थांबेल का, हा प्रश्न अर्थशास्त्राचाच. तेवढ्यापुरते आज बोलणार आहे.

तत्त्व आधी समजून घेऊ, फार वेळ लागणार नाही. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लेझ पास्काल नावाचा विद्वान होऊन गेला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो दाब सगळीकडे सारखा पोचतो, असे त्याने मांडले. आता हिशेब करा. एका अरुंद नळीत १ चौरस सेंटीमीटरचा दट्ट्या आहे आणि तिला जोडलेल्या रुंद नळीत १०० चौरस सेंटीमीटरचा. मधे तेल. बारक्या दट्ट्यावर १० किलोचा भार ठेवला तर मोठा दट्ट्या १,००० किलो उचलतो. ऐकायला फुकटचा माल वाटतो. पण मोठा दट्ट्या १ सेंटीमीटर वर यायचा तर बारका १०० सेंटीमीटर खाली जावा लागतो. जोर जेवढ्या पटीने वाढला तेवढ्या पटीने चाल घटली. ट्रॉली सावकाश उलटते ती यामुळेच, ड्रायव्हरच्या आळसामुळे नव्हे.

ट्रॉलीखालच्या सिलिंडरचा आतला व्यास १० सेंटीमीटर धरा, आणि तेलाचा दाब चौरस सेंटीमीटरला १५० किलो. गुणाकार केला तर जोर पावणेबारा टनांच्या आसपास येतो. उलट, कारखान्यातली वाऱ्यावर चालणारी यंत्रे बहुधा चौरस सेंटीमीटरला ६-७ किलोवरच चालवतात. वारा दाबला की आकसतो, तेल जवळजवळ आकसत नाही. म्हणून वाऱ्याकडे चपळाईची आणि हलकी कामे, तेलाकडे ओझ्याची.

हे तत्त्व कळल्यावरही त्याचे उपयोगी यंत्र व्हायला सव्वाशेच्या वर वर्षे गेली. १७९५ मध्ये लंडनच्या जोसेफ ब्रामाने दाबयंत्राचे पेटंट घेतले. हा कुलपे बनवणारा कारागीर. त्याची अडचण अगदी साधी होती: दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. कड घट्ट बसवावी तर दट्ट्या हलेना, सैल ठेवावी तर पाणी राहीना. त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ली या कारागिराने त्यावर चामड्याची वाटीसारखी कडी बसवली, असे सांगतात. दाब वाढला की तिची कड आपोआप भिंतीला चिकटे आणि दाब उतरला की सुटे. आज चामड्याच्या जागी रबर आणि त्याच्या जातीचे नवे पदार्थ आले आहेत. आपले मिस्त्री तिला सील म्हणतात, खेड्यात कोणी वायसरही म्हणतो. ही सील ध्यानात राहू द्या. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आपल्या वऱ्हाडात ही विद्या आली ती कापसाच्या पाठीवर बसून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इकडचा कापूस लमाणांच्या बैलांवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. वाटेत पावसात भिजे, धुळीने मळे. पुढे व्यापाराचे तोंड मुंबईकडे वळले. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. अवघा १३ किलोमीटरांचा तुकडा, पण त्याच्या उद्घाटनाला खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले होते. एवढा मोठा माणूस एवढ्या लहान फाट्यासाठी का आला, हे कापसाच्या भावावरून समजते.

आता रेल्वे आली तरी सैल रुई डब्यात भरून परवडत नाही. डबा वजनाने भरण्याच्या आधी आकारानेच भरतो, आणि जहाजाचेही तसेच. त्यामुळे रुळांच्या मागोमाग जिन आले आणि प्रेस आले. वाफेच्या इंजिनाने पंप चाले, पंपाने पाण्याचा दाब चढे, आणि त्या दाबाने गाठी बांधल्या जात. मँचेस्टरजवळची नॅस्मिथ विल्सन ही अशी दाबयंत्रे करणारी त्या काळची नामांकित कंपनी. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून ही विद्या या भागात राबते आहे. पुण्या-मुंबईच्या कितीतरी वस्त्यांत मोटारीचे नावही पोचले नव्हते तेव्हा वऱ्हाडातला मजूर पाण्याच्या दाबावर गाठ बांधत होता.

मग इथे त्या यंत्रांचे कारखाने का उभे राहिले नाहीत? हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो. त्याचे उत्तर शोधायला थोडे दूर, तमिळनाडूतल्या कोइमतूरला जाऊ. तेही कापसाचेच गाव. तिथे १८८८ मध्ये पहिली सूतगिरणी निघाली. गिरण्यांची यंत्रे मोडत, तुटत. ती दुरुस्त करायला ओतशाळा आणि लेथची दुकाने निघाली. दुरुस्ती करता करता सुटा भाग करता येऊ लागला, सुट्या भागावरून अख्खे यंत्र. १९२६ मध्ये पीएसजी धर्मादाय संस्था स्थापन झाली आणि तिच्या औद्योगिक शाळेत मुले घडू लागली. १९३७ मध्ये जी. डी. नायडू आणि बालसुंदरम नायडू यांनी तिथे विजेची मोटार बनवली. आज आपल्या विहिरींवरच्या मोटारपंपांपैकी कितीतरी त्या गावचे आहेत. पाटी वाचून पाहा. आणि वाऱ्यावर चालणारी उपकरणे करणारी जनॅटिक्स ही कंपनी १९७७ पासून तिथलीच.

आपल्याकडे कापूस होता, यंत्रे होती, आणि ती मोडतही होती. फरक मला दोन ठिकाणी दिसतो. एक म्हणजे आपला धंदा हंगामी. दसरा-दिवाळीपासून होळीपर्यंत जिन चालायचे आणि मग कुलूप. बारा महिने पगार देऊन कारागीर ठेवणे कोणाला परवडायचे नाही. मिस्त्री मुंबईहून यायचा, हंगाम संपला की परत जायचा, आणि त्याची विद्याही त्याच्या ट्रंकेतून परत जायची. दुसरे म्हणजे सूत काढण्याचे आणि कापड विणण्याचे मोठे काम बाहेरच झाले. आपण कच्चा माल गाठीत बांधून स्टेशनवर पोचवला आणि हात झटकले. अर्थात वऱ्हाड-नागपुरात कोणीच काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नागपूरची बजाज स्टील ही कंपनी जिनिंग-प्रेसिंगची यंत्रे आज परदेशातही पाठवते. २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि जुने जिन-प्रेस नवे करायला अर्थसाह्य दिले, तेव्हापासून ते वाऱ्याचे नळ आणि तेलाची दाबयंत्रे आपल्याकडे झपाट्याने पसरली.

पण कापसाची गाठ हा आता या बाजाराचा लहान तुकडा राहिला आहे. खरा बाजार वाढला तो ट्रॅक्टरने आणि खोदाईच्या यंत्रांनी.

ट्रॅक्टरच्या मागे तेलावर चालणारी उचल बसली ती आयर्लंडच्या एका शेतकऱ्याच्या मुलामुळे. हॅरी फर्ग्युसन त्याचे नाव. त्यापूर्वी नांगर ट्रॅक्टरला नुसता साखळदंडाने बांधावा तसा जोडत. फाळ दगडाला अडला की पुढची चाके वर उचलली जात आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर उलटे. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडला आणि त्याची खोली तेलाच्या दाबाने सांभाळली. १९३९ मध्ये फोर्ड कंपनीबरोबर त्याचा ट्रॅक्टर बाजारात आला आणि आज आपल्या शिवारातला जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर त्याच जोडणीचा आहे. वर पलटी नांगर आला, तोही हायड्रॉलिक. डंपिंग ट्रॉली आली. अलीकडच्या वर्षांत देशात दरसाल आठ-नऊ लाखांच्या घरात ट्रॅक्टर विकले गेले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर एक पंप येतो, एक उचल येते, आणि काही वर्षांनी झिजणाऱ्या सील येतात.

खोदाईची यंत्रे म्हणजे आपले जेसीबी आणि पोकलेन. गंमत पाहा, ही दोन्ही नावे कंपन्यांची. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरे, आणि पोकलेन ही फ्रान्समधली कंपनी. आपण मात्र कोणत्याही पिवळ्या यंत्राला जेसीबीच म्हणतो, जशी कोणत्याही तुपाला एके काळी डालडा म्हणत. अशा एका यंत्राला दहाच्या आसपास सिलिंडर असतात आणि नळ्यांचे तर जाळेच. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने आपल्या जिल्ह्यात धरणे-तलावांचा गाळ काढण्याची 'सुजलाम् सुफलाम्' मोहीम घेतली तेव्हा अशी शंभराहून अधिक यंत्रे जिल्ह्यात उतरली. यंत्रे संस्थेची, डिझेल सरकारचे. तलावांतली माती-मुरूम राष्ट्रीय महामार्गाच्या भरावाला वापरायची आणि तलावही खोल करायचा, ही युक्तीही इथे झाली. तिला बाहेर 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ओळखतात. नंतर मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या भागातून समृद्धी महामार्ग गेला. ती सगळी वर्षे आपल्या घाटावर किती यंत्रे घरघरत होती हे मेहकरच्या लोकांना सांगायला नको.

आणि बोअरच्या गाड्या. आपला काळा दगड फोडायला खाली जो हातोडा चालतो तो दाबलेल्या वाऱ्यावर चालतो. नळ्या उचलणे-फिरवणे तेलावर. या गाड्यांच्या नंबरप्लेटी पाहिल्यात का? पुष्कळांवर तमिळनाडूचा नंबर दिसेल. नामक्कल जिल्ह्यातले तिरुचेंगोडे नावाचे तालुक्याचे गाव, तिथला हा मुख्य धंदा. दुष्काळी मुलूख, शेतीवर भागेना. लोकांनी बोअरच्या गाड्या घेतल्या, मग त्या तिथेच बांधायला आणि दुरुस्त करायला लागले, आणि आता ते भारतभर हिंडतात. फार मोठे शहर आहे असे समजू नका. आपल्या शेतकऱ्याने बोअरसाठी दिलेला पैसा, पाणी लागो न लागो, त्या गावाला जातो.

मग महाराष्ट्रात हा माल कुठे होतो? हडपसरला १९५८ मध्ये किर्लोस्कर न्युमॅटिक सुरू झाली. ती हवेचे कॉम्प्रेसर करते. पुण्याच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात पंप, सिलिंडर, व्हॉल्व्ह, नळ्या करणारे लहानमोठे कारखाने आहेत. जेसीबीचा एक कारखाना तळेगावला आहे. आमच्या कॉलेजात बी.ए.ला दोनदा नापास झालेला एक मुलगा मला चाकणला भेटला. सिलिंडरचा दांडा घासून चकचकीत करण्याच्या यंत्रावर कामाला होता. "सर, हे दांडे कुठं जातात माहीत आहे का? माझ्या मामाच्या ट्रॉलीला याच कंपनीचा जॅक आहे," असे मोठ्या कौतुकाने म्हणाला. मामाचे गाव मोताळा तालुक्यात.

आणखी एक कथा सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या शेजारची. अमळनेर आपल्यापासून काही फार दूर नाही. १९४५ मध्ये तिथे महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. १९६६ मध्ये वडील वारल्यावर अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी परदेशातून शिक्षण अर्धे टाकून आले आणि धंदा हाती घेतला. हीच पुढे विप्रो झाली. संगणकासाठी तिचे नाव जगभर झाले, पण संगणकाच्या आधी, १९७५-७६ च्या सुमारास, या तेलतुपाच्या कंपनीने हायड्रॉलिक सिलिंडर करायला घेतले होते आणि आज सिलिंडरच्या धंद्यात ती जगातल्या मोठ्या कंपन्यांत मोजली जाते. अमळनेरच्या तुपातून निघालेल्या भांडवलाने हे झाले, हे खरे. मात्र सिलिंडरचे कारखाने गेले बंगळूर आणि हिंदुपूरकडे. जिथे कारागीर, सुटे भाग आणि गिऱ्हाईक एकत्र सापडते तिथे भांडवल जाते. गावाची माया त्याला नसते. म्हणून "आपल्या एम.आय.डी.सी.त एखादा मोठा सिलिंडरचा कारखाना आणा" अशी मागणी कोणी केली की मी गप्प बसतो. आला तर आनंदच आहे. पण त्याची वाट पाहत बसण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्या.

मला आशा वाटते ती दुसऱ्या टोकाची, त्या सीलची.

दोन-तीन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या हंगामात मी घाटावर मावसभावाकडे गेलो होतो. आभाळ भरून आले होते. ट्रॉली भरली आणि नेमका ट्रॅक्टरचा तेलाचा पाइप फुटला. पाइप काय, दीड हाताचा. तालुक्याच्या गावी तसा मिळेना; दुकानदाराने अकोल्याला फोन केला, तिथून सांगितले, उद्या या. मोटारसायकलवर एक माणूस गेला, तो चुकीच्या आट्यांचे टोक घेऊन आला. पुन्हा दुसरा दिवस. मधल्या रात्री पाऊस झाला. ट्रॉलीतला माल ताडपत्रीने वाचला, पण शेतात कापून पडलेला भिजला. भावाचा ड्रायव्हर म्हणाला, "पाइप फुटला तं ट्रॅक्टर म्हंजे नुसता खटारा होते, मास्तर." पाइपाची किंमत आणि भिजलेल्या सोयाबीनची किंमत यांची तुलना मी वर्गात उदाहरण म्हणून देतो. मुले हसतात, पण ज्यांच्या घरी ते झाले आहे ती हसत नाहीत.

हा पाइप म्हणजे रबराची नळी, आत पोलादी तारेची वीण, आणि दोन्ही टोकांना लोखंडी जोड. जोड नळीवर दाबून बसवायला एक यंत्र लागते, त्याला क्रिम्पिंग मशीन म्हणतात. हाताने चालवायचे लहान यंत्र दोन बऱ्या म्हशींच्या किमतीत येते; नळीचा आणि जोडांचा साठा वेगळा. आता आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या गावांत अशी दुकाने निघू लागली आहेत. मी पाहिले ते दुकान एका आय.टी.आय. झालेल्या मुलाचे. सात वर्षे पुण्याकडे नोकरी केली, परत आला, रस्त्याच्या कडेला पत्र्याचे शेड टाकले. भिंतीवर निरनिराळ्या आट्यांचे नमुने खिळ्यांना टांगलेले, खाली डब्यांत सीलचे संच. हंगामात रात्री अकरापर्यंत उघडे असते. तो म्हणाला, "नळीत मला सुटतं ते बरं सुटतं. खरा पैसा सिलिंडरच्या कामात आहे, पण ते मला पूर्ण करता येत नाही. दांड्याला मुलामा करायला बाहेर पाठवावा लागतो."

हा मुलामा म्हणजे कठीण क्रोमचा. दांडा खरवडला गेला की नवी सीलही चार दिवसांत फाटते, म्हणून तो घासून पुन्हा मुलामा द्यावा लागतो. हे काम इथे व्हावे असे मला वाटते, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या हौदातले पाणी जहरी असते. ते शुद्ध केल्याशिवाय नाल्यात सोडले तर विहिरी जातील. ज्याला ती व्यवस्था करण्याची ऐपत नाही त्याने हे काम अंगावर घेऊ नये. दांडे बाहेर पाठवावे हेच बरे. सिलिंडर आतून घासणे, सील बदलणे, पंप उघडून झीज मोजणे, तेल गाळणे ही कामे मात्र इथेच करण्यासारखी आहेत. आय.टी.आय.च्या फिटरच्या अभ्यासक्रमात हायड्रॉलिक्स आणि न्युमॅटिक्स आहेच. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विद्या जिल्ह्यात नाही असे नाही. ती आणि गॅरेजवाला यांची ओळख अजून झालेली नाही, एवढेच.

तेल गाळण्याचा उल्लेख केला. बहुतेक बिघाड यंत्राच्या दोषाने होत नाहीत, कचऱ्याने होतात. धुळीच्या डब्यातून, उघड्या नरसाळ्याने तेल ओतायचे आणि मग पंप खराब म्हणून कंपनीला शिव्या द्यायच्या, हा आपला रिवाज. ट्रॉली जोडताना नळीचे टोक मातीत पडते, ते सदऱ्याला पुसून तसेच बसवतो. त्या मातीचा प्रत्येक कण आत जाऊन सील कुरतडतो. टोकावर प्लास्टिकची टोपी घालावी. मिळाली नाही तर स्वच्छ फडके बांधावे.

आता दोन गोष्टी ट्रॅक्टरवाल्या बांधवांना. या मी विनंती म्हणून सांगत नाही, बजावून सांगतो. उचललेल्या ट्रॉलीखाली नुसत्या तेलाच्या भरवशावर कधीही शिरू नका. ती वर दिसते आहे ती एका रबरी नळीवर आणि एका सीलवर उभी आहे. नळी फुटली तर आपल्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. खाली काम असेल तर ट्रॉली रिकामी करा आणि लोखंडी टेकू लावा. लाकडाचा ओंडका नव्हे. दुसरे, नळीला बारीक भोक पडून तेल उडत असेल तर कुठून उडते ते बोट लावून पाहू नका. चौरस सेंटीमीटरला दीडशे किलोच्या दाबाची ती धार कातडीत सुईसारखी शिरते. वरून काटा टोचल्याएवढी खूण दिसते, रक्तही येत नाही, माणूस कामाला लागतो. पण आत तेल पसरते आणि बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. असे झाले तर तास-दोन तासांत मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाचे तेल शिरले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. धार शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा धरा, आणि नळीला हात लावण्याआधी इंजिन बंद करून दाब उतरवा.

शेवटी शिक्षक मित्रांसाठी. पास्कालचा नियम आपण फळ्यावर लिहून देतो आणि मुले तो परीक्षेत उतरवून देतात. त्याऐवजी औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या आणा, एक ५ मिलीलीटरची, एक २० मिलीलीटरची, आणि सलाइनची वीतभर नळी. पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, आणि दोन्ही जोडा. वर्गातल्या सगळ्यांत दांडग्या मुलाला मोठी पिचकारी द्या आणि सगळ्यांत बारक्या मुलीला लहान. दोघांनी एकमेकांविरुद्ध दाबायचे. कोण जिंकते ते पाहा. मग फूटपट्टी लावा: लहान दट्ट्या चार सेंटीमीटर खाली गेला तर मोठा दीड-पावणेदोनच वर आलेला दिसेल. नंतर पाणी काढून हवा भरा आणि तेच करा. हवा गादीसारखी दबते, हे त्यांच्या हातालाच कळेल. सगळा खर्च चहा-फराळाएवढा.

हा प्रयोग झाल्यावर जमल्यास पोरांना गावातल्या गॅरेजात घेऊन जा आणि उघडलेला जॅक दाखवायला सांगा. मिस्त्री नाही म्हणणार नाही. त्याला आजवर कोणी मास्तराने काही विचारलेलेच नसते. फक्त हंगामाच्या दिवसांत नेऊ नका, तेव्हा त्याला जेवायलाही फुरसत नसते. पोळ्याच्या आसपास न्या.